धापूबाईच्या भावाचा खांब

टांगा दारात उभा राहिला, सामान चढले, आणि मी पाय वर ठेवणार तोच पत्नीने माझ्या शिदोरीत आणखी एक वस्तू खोचली. कच्च्या सुताची गुंडी.

"वाटेत मोठा वड दिसला तर माझ्या नावाने एक फेरा घाला," ती म्हणाली. "आणि नीट बघून या. तृतीयेला तुम्ही सांगाल तसं होईल. पण बघितल्याशिवाय सांगू नका."

कशाबद्दल ते वाचकांना सांगणे भाग आहे. देवासात आम्ही घरासाठी जागा घेतली तिच्या आग्नेय कोपऱ्यात एक वड आहे. माझ्या नकाशात घर बेचाळीस फूट लांब, अठ्ठावीस फूट रुंद; चारही कोपरे काटकोनात. वडाचे खोड पायाच्या रेषेपासून सहा फुटांवर येते आणि त्याच्या पारंब्या नेमक्या आमच्या ओसरीवर लोंबतात. गेंदालाल मिस्त्रीने जागा पाहिली, पान थुंकले आणि म्हणाला, "साब, या तो बड रेगो या घर. दोई नी रेवे." (एकतर वड राहील नाहीतर घर.) अक्षय्य तृतीयेला पाया खणायचे ठरले होते. वड तोडायचा तर त्याआधी. लग्न होऊन आल्यापासून पत्नी दर ज्येष्ठी पौर्णिमेला त्याच झाडाची पूजा करते. ती भांडली नाही. भांडली असती तर मला सोपे गेले असते.

संस्थानच्या बांधकाम खात्यात मोजणीचे काम करून माझे केस पिकले. मुळांनी फोडलेल्या भिंती मी पुष्कळ मोजल्या आहेत, म्हणून मिस्त्रीचे म्हणणे मला खोटे वाटत नव्हते. पण धारहून माझ्या मेव्हण्याचे, सदाशिवचे, पत्र आले की तिरल्याच्या पुढे एका खेड्यात लोकांनी वडाचीच इमारत केली आहे, आणि ती वापरात आहे. सदाशिव शाळामास्तर आहे आणि त्याला वाढवून सांगण्याची सवय आहे. मी दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन आठवड्याची रजा काढली. तृतीयेला नऊ दिवस होते.

देवास ते इंदूर टांगा, इंदूर ते महू आगगाडी, आणि महूहून पुन्हा टांगा. गाडीचा प्रवास सर्वांत छोटा आणि सर्वांत धुळीचा झाला. महूहून धारचा रस्ता चांगला पक्का आहे. दर मैलाचा दगड जागेवर होता, एक सोडून. तो उलटा पडला होता आणि त्यावर एक म्हातारा धोतर वाळवीत बसला होता. मी तसे वहीत टिपले. गव्हाची कापणी होऊन गेली होती, खळ्यांवर बैल फिरत होते, आणि काळ्या जमिनीला इतक्या रुंद भेगा होत्या की एकीत माझी पेन्सील पडली ती मिळाली नाही. वारा मात्र संध्याकाळी गार सुटला. माळव्याची ही एक गोष्ट खरी आहे: दिवसभर भाजून काढील, आणि संध्याकाळी क्षमा मागितल्यासारखा वागेल.

धारला तलावाकाठी सदाशिव वाट पाहत उभा होता.

"या भाऊजी! फीत आणलीत ना? नाहीतर झाडाला वाईट वाटेल."

"आणली. तू पत्रात लिहिलेस शंभर खांब. खरे किती?"

"मी मोजले नाहीत. मोजायला देवाने तुम्हाला केलं आहे."

एक दिवस त्याच्याकडे विसावा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे छकड्यातून निघालो. तिरल्यापर्यंत सपाट शेते. तिरला ओलांडले की जमीन खडकाळ होऊ लागते, खजुरीची झाडे येतात, मोहाची फुले वेचणाऱ्या बाया दिसतात आणि पुढे विंध्याचा कडा गंधवानीकडे उतरतो. घाट लागण्याच्या अलीकडे चाकाची लोखंडी धाव सैल झाली. गाडीवान चाक ओढ्यात भिजत घालून स्वस्थ बिडी ओढत बसला. "भिया, लाकूड फुगेल तेव्हा धाव बसेल," तो म्हणाला. किती वेळ लागेल विचारले तर म्हणाला, "फुगेल तेवढा." आम्ही दोघे उरलेले दोन मैल चालत गेलो.

गावाचे नाव बडखेडी. पंचवीस-तीस घरे, नाल्याच्या वरच्या अंगाला. लांबून मला झाड दिसले, इमारत दिसली नाही, आणि सदाशिवच्या पत्राबद्दल मनात जे होते ते पक्के झाले. मग आम्ही सावलीत शिरलो.

जे पाहिले ते सरळ सांगतो. मधोमध वडाचे मूळ खोड. त्याच्यापासून दोन्ही अंगांना, ओळीने, पारंब्यांचे खांब. आणि ओळ म्हणजे ओळ. मी एका टोकाला बसून डोळा लावला तेव्हा सात खांब एकामागे एक लपले. त्यांच्यावर आडव्या फांद्या, तुळयांसारख्या. एका बाजूला दोन-दोन पारंब्या तिरप्या बांधून एकमेकींत जिरवलेल्या, त्यांची जाळी झाली होती, ती भिंत. तिच्या आड धान्याच्या कोठ्या. दुसऱ्या टोकाला गुरे. मध्ये शेणाने सारवलेली बैठक, आणि तिच्यावर एक म्हातारा दोर वळीत बसला होता. हा गावचा पटेल, भेरा.

"आवो दासाब, बैठो," तो म्हणाला. (या दादासाहेब, बसा.) आमचे पुढचे बोलणे माळवीतच झाले. मी ते बहुतेक मराठीत लिहितो.

पाणी प्यालो आणि मी फीत काढली. पटेलाने हरकत घेतली नाही. त्याने फितीचे दुसरे टोक धरले आणि तिच्यावरच्या आकड्यांकडे असे पाहिले, जसे मी त्याच्या दोराकडे पाहत होतो. लांबी एकाहत्तर फूट. रुंदी अडतीस. फांदीखालची उंची अकरा, एका जागी साडेदहा. खांब मी दोनदा मोजले, दोन्ही वेळा शेहेचाळीस.

"एकोणपन्नास," पटेल म्हणाला.

"शेहेचाळीस. दोनदा मोजले."

"ते तीन राहिले तुझे." त्याने वर बोट दाखवले. तीन पारंब्या जमिनीपासून हात-दोन हात वर लोंबत होत्या. प्रत्येकीच्या टोकापाशी लाल धागा होता आणि वर एक लहान मडके टांगले होते. मडक्याच्या भोकातल्या चिंधीतून पाणी थेंब थेंब पारंबीवर उतरत होते. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळ्यात गळती ठेवतात, हुबेहूब तशी.

"त्या अजून टेकल्या नाहीत. लोंबत्या पण मोजता?"

"घरात बाई पोटुशी असली तर तुम्ही माणसं मोजताना तिला एक धरता की दोन?"

सदाशिव खो खो हसला. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले.

मग पटेलाने मला रीत समजावली, आणि ती मी दोन वेळा विचारून घेतली. पारंबी उतरायला लागली की तिला पोकळ बांबूत घालतात. बांबूत माती, शेण आणि कुजका पाला. आत ओल असल्याने पारंबी इकडेतिकडे जात नाही, सरळ खाली येते. बांबू जिथे रोवाल तिथे खांब. जमीन धरली की पुढे ती जाड होते आणि बांबू आपोआप फुटतो. फांदी हवी तिकडे वळवायची तर तिला दगड टांगून ठेवतात. जी पारंबी घराकडे जाते तिचे टोक कोवळे असतानाच खुडतात. "मोठी झाल्यावर कापली तर झाड रडतं आणि भिंतही फुटते," तो म्हणाला. "लहानपणी कान धरला की पुरे."

मी माझा खरा प्रश्न विचारला. झाडापासून घर किती लांब असावे?

"दुपारच्या सावलीच्या बाहेर घर, आणि विहीर दुसऱ्या अंगाला. मूळ पाण्याकडे जातं. घराकडे त्याचं काय काम?"

सर्वांत जवळचे घर शेवटच्या खांबापासून चौदा फुटांवर होते. मी त्याच्या जोत्याला चारही बाजूंनी वाकून पाहिले. एक भेग सापडली. ती बैलाने शिंग मारल्याची निघाली. बैलही दाखवण्यात आला.

जेवण झाडाखालीच झाले. पटेलाची बायको धापूबाई, पन्नाशीची, उंच, मोजके बोलणारी. तिने मक्याच्या पिठाचे पान्ये (खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड भाकऱ्या) आणि उडदाची डाळ केली होती. आमच्या घरी परक्या चुलीवरचे खाण्याची चाल नाही. मी नम्रपणे सांगितले आणि माझ्या दशम्या सोडल्या. पान्यांचा वास मात्र माझ्या दशम्यांवर येऊन बसला.

जेवणानंतर खांबांची ओळख झाली. प्रत्येकाला नाव आहे, ज्याने धागा बांधला त्याचे. हा पटेलाच्या आज्याचा. घेर पाच फूट तीन इंच. हा त्याच्या धाकट्या भावाचा. हा एका विधवेचा, हा एका दरोडेखोराचा, "पण पाणी रोज घालायचा." ओळीत एका जागी खंड होता. जमिनीत खळगा आणि त्यात जुना भुसा.

"हा?"

"हिचा होता," पटेल म्हणाला आणि बायकोकडे न पाहता दोर वळू लागला. "उधई लागली." (वाळवी.)

हे सारे ऐकूनही, नेमके जे ऐकायला हवे होते ते मी ऐकले नाही. संध्याकाळच्या आत मला एक हिशेब हवा होता: पारंबी दिवसात किती वाढते. त्या खंडाच्या वरच एक कोवळी पारंबी लोंबत होती, पिवळसर टोकाची. तिला मडके नव्हते, लाल धागा नव्हता, म्हणजे ती मोकळी, असा मी अर्थ काढला. पत्नीने दिलेल्या सुताचा एक तुकडा मी टोकाच्या वर बरोबर सहा इंचांवर बांधला. सकाळी पुन्हा मोजायचे आणि फरक काढायचा. पाण्याशिवाय फरक पडणार नाही म्हणून माझ्या तांब्यातले पाणीही तिच्यावर ओतले. काम चोख केल्याच्या समाधानाने मी झोपलो.

सकाळी जाग आली ती शांततेने. दहा-पंधरा माणसे त्या पारंबीभोवती उभी होती.

"यो धागो कुण ने बांध्यो?" पटेलाने विचारले. (हा धागा कोणी बांधला?)

"मी," मी फीत घेऊन पुढे झालो. "वाढ मोजायची होती. अजून मोजली नाही, जरा बाजूला व्हा."

कोणी बाजूला झाले नाही. धापूबाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. ती तिने खाली ठेवली आणि घराकडे निघून गेली.

मग पटेलाने सांगितले. धागा बांधणे म्हणजे पारंबी पत्करणे. ज्याने बांधला त्याने ती जमिनीला टेकेपर्यंत उन्हाळ्यात रोज सकाळी आपल्या हाताने पाणी घालायचे. दुसऱ्या कोणी घालायचे नाही. दुसऱ्याच्या पारंबीला पाणी घालणे म्हणजे तो मेला असे म्हणणे. पटेलाला मूलबाळ नाही. धापूबाईचा खांब उधईने खाल्ला तेव्हापासून चार वर्षे ती त्या खंडावर पारंबी उतरण्याची वाट पाहत होती. ही उतरली. पाच दिवसांनी आखातीज (अक्षय्य तृतीया), त्या दिवशी ती तिला धागा बांधणार होती.

"मी सोडतो," मी म्हणालो आणि हात वर केला.

"राहू दे!" पटेलाने माझे मनगट धरले. "धागा माणूस गेला की सोडतात. सोडला की पारंबी कापतात."

"टेकायला किती दिवस लागतील?"

"दोन उन्हाळे. नशीब वाईट असलं तर तीन."

"भाऊजी," सदाशिव हळूच म्हणाला, "नोकरीचा राजीनामा मी लिहून देऊ का? माझं अक्षर बरं आहे."

मला हसू आले नाही. मी ती पारंबी पाहिली. बोटाएवढी, टोकाला पाण्याचा एकही थेंब नाही, आणि तिला माझा धागा. मी निघून गेलो की गाव तिच्याखालून रोज जाणार, घागरी भरलेल्या असणार, आणि कोणी हात लावणार नाही. देवासात एक आख्खा वड तोडण्याचा हुकूम माझ्या जिभेवर तयार होता. आणि येथे एका काडीने मला जागचे हलू दिले नाही. मी तांब्या भरला आणि पाणी घातले. तेवढे तर माझे काम होतेच.

मग मी पटेलाच्या घराच्या दारात गेलो. धापूबाई आत दळीत होती. जाते थांबले नाही.

"बाई, चूक झाली. मोजायच्या नादात झाली. तुमच्या रीतीत यावर उपाय असेल तर सांगा. मी करीन."

तिने जात्यात आणखी एक मूठ टाकली. मग ती म्हणाली, "तुला बहीण आहे?"

"नाही."

"मला भाऊ नाही." जाते थांबले. "भाऊ परगावी गेला तर त्याचं शेत बहीण राखते. गाई राखते. त्यात कुणी बोलत नाही."

मला समजायला पाच-सहा क्षण लागले. मागे उभ्या पटेलाला आधी समजले.

"पण बहिणीच्या घरचं खात नाही तो भाऊ कसला?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिले.

चुलीजवळ कालचा एक पान्या उरला होता. तिने तो गुळाबरोबर माझ्या हातावर ठेवला. मी दारातच बसून खाल्ला. थंड, राखेचा, पानाच्या शिरा उमटलेला. पूर्ण खाल्ला. भावाने बहिणीला लुगडे द्यायचे असते. माझ्याजवळ अंगावरचे उपरणे होते, ते मी तिच्या हातावर ठेवले. तिने ते डोक्यावरून घेतले, घागर उचलली, सगळ्या गावासमोर त्या पारंबीपाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "म्हारा भई को पाणी." (माझ्या भावाचे पाणी.) आणि ओतले. नंतर तिने स्वतः मडके टांगले, त्यात चिंधी घातली.

कोणीतरी ढोलकीवर थाप मारली. पटेल माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आता एकोणपन्नास नाही. पन्नास. लिही, साळासाब."

त्या क्षणापासून मी त्याचा मेव्हणा झालो; त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. साळासाब, पाणी घे. साळासाब, तुझी फीत माझ्या शेळीने चावली. (खरेच चावली होती, तेहतिसाव्या फुटापाशी.) परतताना छकड्यात सदाशिव घाटापासून धारपर्यंत हसत आला.

"बारा वर्षं, भाऊजी! बारा वर्षं तुम्ही मला मेव्हणा म्हणून राबवलंत. देवाच्या घरी मोजणी आहे म्हणायची."

देवासला पोचलो तेव्हा तृतीयेला तीन दिवस होते. पत्नीने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "उपरणं कुठे?" मी ओसरीवर बसून सारे सांगितले. पान्या खाल्ल्याचेही सांगितले. लपवले असते तर पुढे आकडे जुळले नसते. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "लुगडं मीच घेऊन पाठवायला हवं. उपरण्यावर का बोळवण करायची नणंदेची?"

त्याच संध्याकाळी मी नकाशा खोडला. घर वडापासून चौदा फूट मागे सरकवले. त्यात एक खोली गेली आणि एक कोपरा काटकोनात राहिला नाही. ओसरी मी नकाशातून काढूनच टाकली. तिची जागा झाडाखाली. गेंदालाल मिस्त्री म्हणाला की असे वाकडे घर त्याने जन्मात बांधले नाही. मी म्हणालो, मीही नाही. तृतीयेला पाया खणला, आणि त्याच दिवशी पत्नीने उरलेल्या सुतातला धागा काढून आमच्या वडाच्या एका पारंबीला बांधला आणि गळती लावली. बांबूसाठी मला बाजारात दोन फेऱ्या झाल्या.

या गोष्टीला आता तिसरा उन्हाळा आहे. दर आखातीजेला आमच्याकडून बडखेडीला लुगडे जाते, धारपर्यंत टपालाने आणि पुढे सदाशिवच्या हाताने. यंदा सदाशिव परत आला तो एक सुताचा तुकडा घेऊन. त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या.

"धापूबाईने दिला. म्हणाली, भावाला आकडे लागतात. पारंबी टेकली. तिचा घेर हा, गाठीपासून गाठीपर्यंत. खांबाला नावही पडलं आहे."

"काय?"

"धापूच्या भावाचा."

मी फीत काढली, शेळीने चावलेली तीच, आणि सूत तिच्यावर धरले. सव्वादोन इंच. वहीत लिहिले. ती वही मी आता पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आले की ज्या कामासाठी मी सूत बांधले होते तो हिशेब, एका दिवसाची वाढ, मी काढलाच नव्हता. फरकाची जागा कोरी आहे. इतकी वर्षे मोजणी केली. मी मोजतो ती वस्तू मला ओळखते की नाही, याचा रकाना माझ्या कोणत्याही वहीत नव्हता. बडखेडीच्या माणसांना फूट आणि इंच येत नाहीत, पण प्रत्येक खांबाला पाणी कोणाचे, हे त्यांना येते. त्यांची इमारत उभी आहे ती त्या हिशेबावर.

हे सारे मी पत्नीला बोलून दाखवले नाही. तेच सूत घेऊन बाहेर गेलो आणि आमच्या पारंबीभोवती गुंडाळले. एक गाठ दुसरीला ओलांडून दोन बोटे पुढे गेली. आमची बारीक होती, आणि जमिनीपासून अजून हातभर वर.

"तिकडे माती चांगली असेल," मी म्हणालो.

पत्नी दारात उभी होती. "माती तीच," ती म्हणाली. "धागा मी बांधला, तेव्हा पाणी मीच घालायचं, हे खरं. पण मी माहेरी गेले त्या दीड महिन्यात झाडाला कोण राखणार होतं? बहीण भावाचं राखते म्हणे. नवऱ्याचं काही ठरलं आहे का तुमच्या बडखेडीत?"

ते मी विचारले नव्हते. रीत माहीत नसताना मी पूर्वी एकदा झाडाला हात लावला होता आणि त्याचे काय झाले ते वर लिहिले आहे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठण्याआधी मी तांब्या भरला, बाहेर गेलो, आणि कोणी ऐकत नाही असे पाहून म्हणालो, "हिचं पाणी."